बायपासनंतरचा पित्तखडा

एमआरसीपीच्या, म्हणजे एमआरआयने घेतलेल्या पित्तमार्गाच्या, या चित्रात यकृताकडून खाली उतरणारी पांढरी रेघ म्हणजे पित्तनलिका आणि तिच्या टोकाशी दिसणारा काळा ठिपका म्हणजे तिथे अडकलेला खडा. एरवी अशा वेळी ईआरसीपी करतात. तोंडावाटे दुर्बीण जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीला नेऊन, पित्तनलिकेचे मुख थोडे कापून, खडा फुग्याने किंवा जाळीने ओढून काढतात. या रुग्णाची मात्र लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास झालेली आहे.

त्या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या भागाची जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, आणि उरलेले जठर पोटातच, पण अन्नाच्या वाटेपासून बाजूला राहते. त्यामुळे दुर्बिणीला आतड्याचा खालचा जोड ओलांडून, जुन्या जठराकडून येणाऱ्या आतड्याच्या दुसऱ्या फाट्यातून उलटे वर चढावे लागते. फुग्याच्या लांब एन्टेरोस्कोपने, म्हणजे लहान आतड्यात खोलवर जाणाऱ्या दुर्बिणीने, तेही साधते. परंतु ती दुर्बीण समोर पाहणारी असल्याने मुखाशी पोहोचूनही नलिकेत शिरणे अनेकदा जमत नाही. खडे होण्यामागेही बायपासच आहे, कारण वजन झपाट्याने उतरताना पित्तात कोलेस्टेरॉल वाढते आणि पित्ताशय नीट रिकामे होत नाही.

येथे सर्जनने लॅपरोस्कोपीने ते बाजूला पडलेले जठर शोधले आहे. त्याच्या भिंतीत गोलाकार टाका घालून मधोमध छेद घेतला जातो, त्यातून 15 मिलिमीटरचा पोर्ट (उपकरणे आत नेण्याची नळी) आत जातो आणि मग गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट नेहमीची, बाजूला पाहणारी दुर्बीण पोटावरूनच आत सरकवतात. सी-आर्मच्या (शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर रंगद्रव्य नलिकेत भरत जाते, खड्याची कड उमटते, फुगा खड्याच्या वर फुगवला जातो आणि खडा आतड्यात उतरतो. पित्ताशय अजून असेल, तर तेही याच भुलीत काढता येते. दोन्ही डॉक्टर एकाच टेबलाशी उभे राहणे ही या उपचाराची पहिली अट आहे आणि, खरे सांगायचे तर, दोन विभागांच्या वेळा जुळवणे हेच कित्येकदा सर्वांत कठीण ठरते.

एन्डोस्कोपिक सोनोग्राफीच्या मदतीने पिशवी आणि जुने जठर यांच्यामध्ये धातूचा स्टेंट (जाळीदार नळी) बसवून, पोटावर छेद न घेता हीच वाट उघडण्याची पद्धतही आता वापरात आहे; स्टेंट काढल्यावर ती वाट बुजली नाही, तर वजन पुन्हा वाढू शकते. स्वादुपिंडाला सूज येणे आणि रक्तस्राव हे धोके दोन्हींकडे आहेत. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखे अरुंद करतात, पण आतड्याचा मार्ग बदलत नाही, म्हणून तिथे साधी ईआरसीपी पुरते. बायपास झालेल्या रुग्णाने मात्र कावीळ किंवा पोटदुखी घेऊन जाताना फाट्यांची लांबी नोंदवलेला शस्त्रक्रियेचा कागद सोबत न्यावा.