आरसा गेला, आता पडदाही

(दृश्य: जुनं काळंपांढरं छायाचित्र. शर्यतीची गाडी चौकटीतून जवळजवळ बाहेर निघालेली.)

या गाडीचं चाक बघा. गोल नाही, लंबगोल आहे, आणि पुढे झुकलंय. मागे उभी असलेली माणसं आणि खांब मात्र उलट्या बाजूला कललेत.

१९१० च्या दशकात फ्रान्समधल्या एका ग्रां प्री शर्यतीत झाक-आंरी लार्तिग नावाच्या, अजून विशीही न गाठलेल्या तरुणाने हा फोटो काढला. वेगाचं चित्र म्हणून आज तो जगभर ओळखला जातो. पण चाक वाकलं ते कॅमेऱ्याच्या मर्यादेमुळे. शटरच्या पडद्यातली एक अरुंद फट फोटोच्या काचेच्या प्लेटसमोरून सरकत गेली आणि ती या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचेस्तोवर गाडी पुढे निघून गेली. लार्तिग कॅमेराही गाडीबरोबर फिरवत होता, पण गाडीइतक्या वेगाने नाही. म्हणून चाकं एका दिशेला झुकली आणि माणसं दुसऱ्या.

फोटोचा वरचा भाग एका क्षणाचा आणि खालचा भाग दुसऱ्या क्षणाचा, हा घोळ शंभर वर्षं कॅमेऱ्याच्या मागे लागलेला आहे. आज काही लाख रुपये मोजून घेतलेल्या कॅमेऱ्यातही तो असू शकतो. नवा, महागडा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा येणार अशी बातमी आली की लोक आधी विचारतात, मेगापिक्सेल किती? मग विचारतात, सेकंदाला किती फोटो? मला वाटतं, पहिला प्रश्न या घोळाचा असायला हवा.

(दृश्य: उघडा डीएसएलआर. आरसा वर उचलला जातो. खट्‌.)

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आधीच्या पिढीच्या डिजिटल कॅमेऱ्यात, लेन्समागे तिरका आरसा असायचा. त्यावरून प्रकाश वर जाऊन तुमच्या डोळ्यापर्यंत पोचायचा. बटण दाबलं की आरसा वर, पडदा उघडला, बंद झाला, आरसा खाली. म्हणजे नेमका ज्या क्षणाचा फोटो निघाला, त्या क्षणी तुमच्या डोळ्यापुढे अंधार.

२००८ मध्ये पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी१ आणला. आरसा काढून टाकला आणि सेन्सरला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपला, जे दिसतंय तेच व्ह्यूफाइंडरमधल्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतल्या, छोट्या स्क्रीनवर दाखवलं. २०१३ मध्ये सोनीने ए७ आणि ए७आर हे फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेले, मिररलेस आणले. निकॉन आणि कॅनन या मैदानात फुल फ्रेम घेऊन उतरले ते थेट २०१८ मध्ये. २०२० च्या जानेवारीत कॅननचा वन-डी एक्स मार्क थ्री जाहीर झाला, फेब्रुवारीत निकॉनचा डी६. दोन्ही घराण्यांचे ते शेवटचे बडे डीएसएलआर. आरशाची गोष्ट तिथे संपली.

पडद्याची मात्र बाकी होती.

(दृश्य: शटरचे दोन पडदे, संथ गतीत.)

शटर म्हणजे एकामागोमाग धावणारे दोन पडदे. पहिला उघडत जातो, दुसरा झाकत जातो. चांगल्या कॅमेऱ्यात एका पडद्याला सेन्सर ओलांडायला साधारण सेकंदाचा अडीचशेवा भाग लागतो. आता तुम्ही शटर १/४००० सेकंदावर ठेवलंत तर काय होतं? पहिला पडदा पलीकडे पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो. अख्खा सेन्सर एका वेळी कधीच उघडा नसतो, एक बारीक फट त्यावरून सरकत जाते. लार्तिगच्या कॅमेऱ्यात सरकली होती तशीच, फक्त कितीतरी जलद.

फ्लॅशची अडचण इथूनच सुरू होते. फ्लॅश चमकतो तो डोळ्याचं पातं लवायच्याही आत. त्या वेळी सेन्सर पूर्ण उघडा नसेल तर फोटोच्या काही भागावर उजेड आणि काही भागावर काळा पट्टा. म्हणून ‘सिंक स्पीड’, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वात जास्त वेग, १/२०० किंवा १/२५०. दुपारच्या उन्हात हळदीचे फोटो काढणाऱ्याला विचारा. त्याला लेन्स पूर्ण उघडून मागचा मांडव धूसर करायचा असतो, चेहऱ्यावर फ्लॅशही हवा असतो, आणि १/२५० वर सगळं पांढरंफटक होतं. मग तो हायस्पीड सिंक लावतो. त्यात फ्लॅश पुन्हा पुन्हा फडफडत राहतो, ताकद निम्म्याहून कमी होते आणि बॅटरी बसते. नाहीतर प्रकाश कमी करायला लेन्सवर काळी एनडी काच चढवायची.

मग पडदाच नको, सेन्सर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालू-बंद करू, असं का नाही?

करता येतं, आणि बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत ती सोय आहे. आवाज होत नाही, हा मोठा फायदा. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत आलाप रंगात आलेला असताना पहिल्या रांगेतून येणारी ती खटखट ज्यांनी ऐकलीय, त्यांना याचं मोल सांगायला नको. पण इलेक्ट्रॉनिक शटरची खोड अशी की सेन्सर एकदम वाचला जात नाही, ओळीओळीने वाचला जातो. मोठी पंगत आणि एकच वाढपी. तो शेवटच्या पानापर्यंत पोचतो तेव्हा पहिल्या पानावरचा भात संपलेला असतो.

हा वाढपी किती चपळ, त्यावर सगळं अवलंबून. जास्त मेगापिक्सेलच्या साध्या सेन्सरला वरपासून खालपर्यंत वाचायला सेकंदाचा दहावा-पंधरावा भाग लागू शकतो. ताशी १४० किलोमीटरने आलेला चेंडू सेकंदाच्या पंधराव्या भागात अडीच मीटर जातो. फलंदाजाने बॅट फिरवली तर फोटोत ती केळ्यासारखी वाकडी दिसते. शटर १/८००० वर असलं तरीही! प्रत्येक ओळ धारदार असते, पण पहिली ओळ आणि शेवटची ओळ वेगवेगळ्या क्षणांच्या असतात. त्यात लग्नाच्या स्टेजमागे एलईडी वॉल असेल, किंवा मैदानाच्या कडेला जाहिरातींचे एलईडी फलक असतील, तर आडवे पट्टे ठरलेले. ते दिवे सतत लुकलुकत असतात. आपल्याला ते जाणवत नाही, ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरला जाणवतं.

(दृश्य: सेन्सरचा उभा छेद, थरांवर थर.)

२०१७ च्या एप्रिलमध्ये सोनीने ए९ आणला. त्याच्या सेन्सरमध्ये पिक्सेलच्या थरामागे वेगवान सर्किट आणि मेमरी थेट जोडलेली होती. याला स्टॅक्ड सेन्सर म्हणतात. फुल फ्रेममध्ये असा सेन्सर पहिल्यांदाच आला. सेकंदाला २० फोटो, आणि तेही व्ह्यूफाइंडर एकदाही काळा न होता.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये निकॉनने झेड९ जाहीर केला आणि थेट पडदाच काढून टाकला. ४५.७ मेगापिक्सेलचा सेन्सर त्यांनी इतका जलद वाचून दाखवला की वाचनाचा वेग यांत्रिक पडद्याच्याच जवळपास पोचला. सेकंदाचा पंधरावा भाग नाही, अडीचशेव्याच्या आसपास. तोच चेंडू आता अडीच मीटर नाही, साधारण १५ सेंटिमीटर सरकतो. झेड९ बंद केला की सेन्सरसमोर एक झडप येते, पण ती धुळीपासून राखायला. फोटोशी तिचा संबंध नाही.

तरी वाढपी धावतोच आहे. कितीही चपळ झाला तरी एकेका पानाशी जातोच.

७ नोव्हेंबर २०२३. सोनीचा ए९ थ्री. जगातला पहिला ग्लोबल शटर असलेला फुल फ्रेम मिररलेस. २४.६ मेगापिक्सेल, आणि सगळेच्या सगळे पिक्सेल एकाच क्षणी सुरू आणि एकाच क्षणी बंद. ओळीत वाचायचा प्रश्नच मिटला. वाकडी बॅट नाही, लंबगोल चाक नाही. शटर १/८०,००० पर्यंत जातं. फ्लॅश हव्या त्या वेगाला चालतो.

इथे एक खाच आहे, आणि जाहिरातीत ती ठळक अक्षरांत नसते. पूर्ण ताकदीने लावलेल्या फ्लॅशची चमकही क्षणभर टिकते, आणि १/८०,००० हा वेळ तिच्यापेक्षा फार लहान. म्हणजे चमकेचा एक तुकडाच तुमच्या वाट्याला येतो. एलईडीचंही तसंच. फोटोत पट्टे येत नाहीत, पण दिवा नेमका मंद असलेल्या क्षणी फोटो निघाला तर अख्खी चौकट काळवंडते आणि पुढची उजळ येते.

खरी किंमत आणखी खोल आहे. सगळे पिक्सेल एकदम थांबवायचे तर प्रत्येकाने गोळा केलेला प्रकाशाचा हिशेब वाचन होईपर्यंत कुठेतरी ठेवावा लागतो. ती साठवणीची जागा पिक्सेलपाशीच करावी लागते आणि प्रकाश झेलण्याची क्षमता त्या प्रमाणात घटते. म्हणून ए९ थ्रीचा मूळ आयएसओ, म्हणजे प्रकाशसंवेदनेचा सुरुवातीचा आकडा, २५०, जेव्हा इतर बहुतेक कॅमेरे १०० च्या आसपास सुरू होतात. फोटोतल्या सावल्या नंतर उजळताना दाणे लवकर दिसू लागतात. सह्याद्रीच्या कड्यावर सूर्योदयाला ट्रायपॉड लावून बसणाऱ्याने हा कॅमेरा घेतला तर त्याने पैसे चुकीच्या गोष्टीला दिले, असं मी म्हणेन. किंमत अमेरिकेत जाहीर झाली ५,९९९ डॉलर, नुसत्या बॉडीची.

जाता जाता एक गंमत. १९९९ चा निकॉन डी१ आठवतो? पावणेतीन मेगापिक्सेल, आणि आज लोक ज्यावर हसतील अशी स्क्रीन. पण त्याचा सीसीडी या जुन्या प्रकारचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने एकदम थांबवता यायचा. शटर १/१६,०००, फ्लॅश सिंक १/५००. मग आजच्या प्रकारचे सीमॉस सेन्सर आले, वेग आणि गुणवत्ता वाढली, आणि ही एक गोष्ट मधल्या मध्ये हातची गेली. डी१ पासून मोजलं तर ती परत यायला दोन तपं लागली.

(दृश्य: एकाच उडीच्या शेकडो चौकटी, स्क्रीनवर धावताना.)

सेकंदाला १२० फोटो, तेही प्रत्येक फोटोला फोकस आणि एक्स्पोजर नव्याने जुळवून. कच्चा हिशेब करा. २४.६ मेगापिक्सेल, प्रत्येक पिक्सेलचे १४ बिट, गुणिले १२०. कॉम्प्रेस न केलेला डेटा सेकंदाला पाच गिगाबाइटच्या वर. कोणतंही कार्ड इतकं झेलत नाही, म्हणून आधी कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीत भरायचं. ती १९२ फोटोंना भरते. म्हणजे दीड सेकंद आणि वर थोडं. त्यामुळेच समोर एक बटण दिलंय, ३० च्या वेगाने चालू असताना ते दाबलं की तेवढ्यापुरता वेग १२० वर जातो. ही सोय ज्याने सुचवली तो मैदानात उभा राहिलेला माणूस असणार.

आणि बटण दाबायच्या आधीचे फोटो! प्री-कॅप्चर. शटर अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा आत फोटो घेत आणि टाकत राहतो. खंड्याने पाण्यात सूर मारला, तुम्ही दचकून बटण दाबलंत, तरी त्याच्या आधीचा एक सेकंद तुमच्याकडे आहे. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना मेगापिक्सेलपेक्षा ही सोय जास्त देऊन जाते. फक्त रात्री घरी बसून हजारभर जवळजवळ सारख्या फोटोंतून एक निवडायचा, हे काम कुठलाही कॅमेरा करून देत नाही.

(दृश्य: ऑलिंपिकचं मैदान, रांगेत बसलेले छायाचित्रकार.)

बड्या कॅमेऱ्यांचं पंचांग ऑलिंपिकवरून चालतं. टोकियोच्या आधी कॅननने आर३ या मिररलेसची वर्दी दिली. पॅरिसच्या आधी, मे २०२४ मध्ये, आर१ तयार होतोय असं सांगितलं आणि १७ जुलैला तो जाहीर केला. ऑलिंपिक २६ जुलैपासून. सगळ्यांना वाटलं होतं, सोनीनंतर आता कॅननही ग्लोबल शटर आणणार. आणला नाही. २४.२ मेगापिक्सेलचा जलद स्टॅक्ड सेन्सर, सेकंदाला ४० फोटो, आणि यांत्रिक पडदा तसाच ठेवलेला. व्ह्यूफाइंडरमध्ये तुम्ही जिकडे बघाल तिकडे फोकस, ही कॅननची १९९२ च्या ईओएस ५ फिल्म कॅमेऱ्यापासूनची हौस. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुद्द सोनीने ए१ टू आणला, ५० मेगापिक्सेलचा. त्यातही ग्लोबल शटर नाही.

याला माघार म्हणणारे म्हणोत. मला तो व्यवहारी निर्णय वाटतो. वाचन पुरेसं जलद झालं की बहुतेकांच्या फोटोंत वाकडेपणा दिसेनासा होतो, आणि मग मूळ आयएसओ १०० सोडायला कोणी तयार नसतं. ज्याचं पोट फ्लॅशवर आहे, ज्याला रोज एलईडीच्या उजेडात काम करायचंय, त्याचा हिशेब वेगळा.

आर१ मध्ये ‘अ‍ॅक्शन प्रायॉरिटी’ आहे. खेळाडू कोणती हालचाल करतोय ते ओळखून कॅमेरा स्वतःच फोकस त्याच्यावर नेतो. बाजारात आला तेव्हा त्याला तीन खेळ येत होते, फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल. क्रिकेट नाही! २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये क्रिकेट ऑलिंपिकमध्ये परत येतंय, १९०० नंतर पहिल्यांदा. त्याआधी जे बडे कॅमेरे येतील त्यांना कव्हर ड्राइव्ह ओळखता येतो का, हे आपल्याकडचे क्रीडा छायाचित्रकार नक्की तपासतील. आणि पन्नास मेगापिक्सेल, ग्लोबल शटर, मूळ आयएसओ १००, हे तिन्ही एकाच बॉडीत कोणी देतं का, तेही.

(दृश्य: कॅमेऱ्याचं दुकान. छताला फिरता पंखा.)

तोवर दुकानात कुठलाही नवा कॅमेरा हातात आला तर एक करा. शटर इलेक्ट्रॉनिकवर ठेवा, वेग १/४००० करा, आणि फिरत्या पंख्याचा फोटो काढा. पाती सरळ आली तर सेन्सर जलद आहे. कोयत्यासारखी वाकली तर विक्रेता मेगापिक्सेलबद्दल काय सांगतोय ते जरा सावकाश ऐका. मग दुकानातल्या एलईडी पाटीचा एक काढा आणि पट्टे मोजा. मात्र आधी मेनूत जाऊन खात्री करा, कारण यांत्रिक पडदा असलेले बरेच कॅमेरे मुळात त्याच पडद्यावर लावलेले असतात, आणि तसं असेल तर ही परीक्षा सगळेच पास होतात.