6 अब्ज डॉलरचं कवच आणि दुसऱ्याच दिवशीचं मतदान

स्क्रीनवर दिसतोय तो माथा कापलेला काँक्रीटचा पिरॅमिड अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात आहे, नेकोमा नावाच्या एवढ्याशा गावाबाहेर, आजूबाजूला नुसती शेती. त्याच्या तिरप्या भिंतींवर मोठे गोल दिसतायत ना, ते रडार. सोव्हिएत रशियाकडून येणारी अण्वस्त्रं ह्या रडारने हेरायची आणि जमिनीखाली तयार ठेवलेली 100 क्षेपणास्त्रं सोडून ती वरच्यावर उडवायची, असा बेत होता, नाव सेफगार्ड. त्या काळचे साधारण 6 अब्ज डॉलर गेले. 1 ऑक्टोबर 1975 ला ही जागा पूर्ण ताकदीने चालू झाली आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने ती बंद करायच्या बाजूने मतदान केलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तिला कुलूप.

असं का झालं, तर ह्या 100 क्षेपणास्त्रांच्या टोकावरसुद्धा अणुबॉम्बच होते. त्यातल्या स्पार्टन नावाच्या क्षेपणास्त्रावरचा बॉम्ब 1971 मध्ये अलास्काच्या अमचिट्का बेटाखाली फोडून बघितला होता, जवळजवळ 5 मेगाटन, अमेरिकेने जमिनीखाली केलेला सगळ्यात मोठा स्फोट. आता विचार करा, असले स्फोट स्वतःच्याच डोक्यावर आकाशात करायचे आणि त्याच स्फोटांनी स्वतःचंच रडार आंधळं व्हायचं, म्हणजे पहिली दोन-चार अस्त्रं अडवली तरी मागून येणारी कोण बघणार? शिवाय तोवर सोव्हिएत एकाच क्षेपणास्त्रावर अनेक बॉम्ब बसवायला लागले होते, तिथे 100 हा आकडा पुरणार तरी कसा.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती गोष्ट म्हणजे हे आधीच माहीत होतं. सप्टेंबर 1967 मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा सॅन फ्रान्सिस्कोत एक भाषण करतात, त्यात नीट समजावून सांगतात की आपण मोठं कवच उभारलं तर सोव्हिएत आपली क्षेपणास्त्रं वाढवतील, मग आपण वाढवू, आणि शेवटी दोघांचेही पैसे जाऊन कोणीच जास्त सुरक्षित होणार नाही. आणि त्याच भाषणात, चीनचं कारण देऊन, एका छोट्या कवचाची घोषणाही करून टाकतात, कारण राजकीय दबाव तेवढा होता.

1972 ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी मॉस्कोत करार केला, दोघांनीही असली कवचं मर्यादित ठेवायची. तो 30 वर्षं टिकला. 2002 मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली.

आज अलास्कातल्या फोर्ट ग्रीलीला 40 आणि कॅलिफोर्नियात व्हँडनबर्गला 4 असे 44 इंटरसेप्टर, म्हणजे येणारं अस्त्र वाटेत अडवणारी क्षेपणास्त्रं, आहेत, उत्तर कोरियासारख्या देशाने थोडी क्षेपणास्त्रं सोडली तर त्यांच्यासाठी. ह्यावर अणुबॉम्ब नाही, थेट धडकून फोडायचं. 1999 पासूनच्या चाचण्यांत निम्म्याहून थोड्याच जास्त यशस्वी झाल्यात, आणि त्याही कधी, काय, कुठून येणार हे बरंचसं ठरलेलं असताना. एकेका अस्त्रावर तीन-चार इंटरसेप्टर सोडायचे म्हटलं तर 44 किती पुरतील हे कागदावर मांडून बघा.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती पैशाने सुटत नाहीये. लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र बराचसा वेळ अवकाशात असतं, तिथे हवा नाही, त्यामुळे जड बॉम्ब आणि त्याच्यासोबत सोडलेला हलका फुगा अगदी एकाच वेगाने जातात. शत्रूने दहा-वीस फुगे सोडले की खरा कुठला हे ओळखणं भयंकर कठीण. फुगा स्वस्त आणि इंटरसेप्टर प्रचंड महाग. अभ्यासकांच्या अंदाजाने 1957 पासून अमेरिकेने ह्या सगळ्यावर 400 अब्ज डॉलरच्या वर खर्च केलाय आणि तो फुगा अजून तिथेच आहे.

लोक म्हणतात, मग इस्रायलचं आयर्न डोम चालतंच ना? हो, चालतं, आणि त्याने माणसं वाचलीत, अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेने युक्रेनमध्येही वाचवलीत, त्या खर्चाला माझा अजिबात विरोध नाही. पण आयर्न डोम कमी पल्ल्याचे, हवेतून येणारे रॉकेट पाडतं, मोकळ्या रानात पडणारं सोडूनही देतं, आणि इस्रायल म्हणजे महाराष्ट्राचा साधारण चौदावा हिस्सा. तेच नाव घेऊन अख्ख्या अमेरिकेवर कवच घालता येईल असं लोकांना सांगणं मला बरोबर वाटत नाही.

मे 2025 मध्ये ट्रम्प यांनी नेमकं तेच सांगितलं. गोल्डन डोम, 175 अब्ज डॉलर, तीनेक वर्षांत. त्यातला मोठा भाग अवकाशात इंटरसेप्टर ठेवायचा. पण खालच्या कक्षेतला उपग्रह एका जागी थांबत नाही, दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो, म्हणजे एका ठिकाणावर सतत पहारा ठेवायचा तर शेकडो पाठवायला लागतात, आणि काही वर्षांनी ते खाली येतात की पुन्हा नवीन. काँग्रेसच्या बजेट ऑफिसने फक्त ह्या अवकाशातल्या भागाचाच 20 वर्षांचा खर्च 161 ते 542 अब्ज डॉलर काढलाय.

ह्यात फायदा होणारे लोक आहेतच. अलाबामातलं हंट्सव्हिल, अलास्का, मोठमोठ्या कंपन्या, तिथल्या नोकऱ्या, त्या नोकऱ्यांवर निवडून येणारे खासदार. त्या कामगारांना मी दोष देणार नाही, पण एका जिल्ह्याचा रोजगार म्हणजे देशाचं हित नव्हे.

आणि समोरचा गप्प बसलेला नाही. 2018 मध्ये पुतिननी नवी अस्त्रं दाखवली, कवचाला वळसा घालणारी, आणि कारण सरळ 2002 मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडल्याचं दिलं. चीनने वाळवंटात शेकडो नवीन सायलो, म्हणजे क्षेपणास्त्रं ठेवायच्या जमिनीखालच्या विहिरी, खणलेत. हे सगळं फक्त कवचामुळे झालं असं मी म्हणत नाही, पण कवचाने ते थांबवलं नाही हे तर दिसतंय.

उलट 1991 नंतर नन आणि लुगार ह्या दोन सिनेटरांच्या कायद्याखाली अमेरिकेने जुन्या सोव्हिएत देशांना पैसे दिले, वर्षाला 50 कोटी डॉलरच्या आतबाहेर, आणि त्यातून साडेसात हजारांवर अण्वस्त्रं निकामी झाली, 900 च्या आसपास लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं जमिनीवरच तोडली गेली. फुगे ओळखायची गरजच पडली नाही.

आपल्याकडेही 15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून देशासाठी असंच कवच उभारायचं मिशन सुदर्शन चक्र जाहीर झालंय, मुदत 2035. विमानतळ, रिफायनरी, शहरं ड्रोनपासून आणि जवळच्या क्षेपणास्त्रांपासून वाचवायची असतील तर जरूर खर्च करा, शेजार बघता तो करायलाच हवा. पण सगळा देश झाकायचा म्हणत असाल तर किती पैसे, कुठल्या अस्त्राविरुद्ध, फुगे सोडून चाचणी घेतली का, आणि पाकिस्तान-चीन त्यावर काय करतील, ही उत्तरं पैसे मंजूर व्हायच्या आधी संसदेत मागा.