तसबिरीचा फेरा

(दृश्य: हरिपूरचा रस्ता, संगम)
सांगलीहून हरिपूरला जाणारा हा रस्ता. पुढं कृष्णेला वारणा मिळते, काठावर संगमेश्वराचं देऊळ. नाटककार गोविंद बल्लाळ देवल या हरिपूरचे. 'संशयकल्लोळ' नाटकातलं फाल्गुनराव आणि कृत्तिका हे मराठी रंगभूमीवरचं सगळ्यात संशयी जोडपं त्यांनीच उभं केलं.

(दृश्य: तालमीची खोली, पेटीवर ठेवलेली तसबीर)
'संशयकल्लोळ'चं मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरकडं. देवलांनी ते आधी गद्यात केलं. संगीत रूपात गंधर्व नाटक मंडळीनं ते १९१६ साली रंगमंचावर आणलं.

(दृश्य: तसबीर या हातातून त्या हातात)
ही तसबीर नीट बघा. आश्विनशेठची आहे, त्याच्या प्रेयसीजवळ, रेवतीजवळ असलेली. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो. कृत्तिका नेमकं तेवढंच बघते. पडलेली तसबीर तिला सापडते, ती न्याहाळत असते, आणि फाल्गुनराव नेमकं तेवढंच बघतो. दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं खरं आहे. पुढचं मनानं जोडलेलं. प्रेक्षकाला सगळं ठाऊक, पात्रांना अर्धंच. हशा तिथं पिकतो.

(दृश्य: फाल्गुनरावाचं काम करणारे काका, स्वगत)
फाल्गुनराव बायकोवर पाळत ठेवतो, पण बोलतो स्वतःशीच. तिला सरळ विचारलं, तर नाटक तिथंच आटोपेल. तो विचारत नाही, कारण उत्तर पेलेल की नाही याचीच त्याला धास्ती. तसबिरीतला तरणाबांड चेहरा त्याला आरशासारखा टोचतो. त्याचा संशय बायकोपेक्षा स्वतःवरच जास्त आहे, आणि ते कळतं या स्वगतांतून. हल्ली नाट्यपदांच्या मैफलीत पदं तेवढी राहतात, स्वगतं गळतात. वेळ कमी असेल तर एखादं पद कमी करा की!

(दृश्य: भिंतीवर चिकटवलेली पात्रांची यादी)
पुरुषांना महिन्यांची नावं, बायकांना नक्षत्रांची. रेवतीपाठोपाठ अश्विनी नक्षत्र येतं, म्हणजे ते जोडपं शेजारशेजारचं. कृत्तिकेचा महिना कार्तिक. पदरी पडला फाल्गुन. मुद्दाम केलं का, ते देवलच जाणोत.

(दृश्य: पुन्हा तालीम)
देवलांनी शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो'ही 'झुंजारराव' म्हणून मराठीत आणलं होतं. तिथं रुमालावरून आलेल्या संशयापायी बायकोचा जीव गेला. इथं तसबिरीचा गुंता सुटतो, सगळ्यांची समजूत पटते.

तालीम अजून तसबिरीपाशीच आहे. कृत्तिकेनं ती फार चटकन पदराआड केली, म्हणून दिग्दर्शकांनी थांबवलंय. फाल्गुनरावाला ती दिसायला तर हवी!