एक कार्ड बंद पडते तेव्हा

समजा, एका सर्व्हरमध्ये प्रत्येकी 10 गिगाबिट वेगाची तीन नेटवर्क कार्डे आहेत. मात्र लिनक्सच्या बाँडिंग ड्रायव्हरने ती एकत्र बांधल्यामुळे वरच्या सॉफ्टवेअरला एकच कार्ड दिसते.

या कल्पनेचे एक मूळ 1994 सालात सापडते. नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी 16 संगणकांचा ‘बेओवुल्फ’ हा समूह उभारला, तेव्हा त्यांतील प्रोसेसरना एक इथरनेट अपुरे पडू लागले आणि स्विच (अनेक संगणकांना एकमेकांशी जोडणारी उपकरणे) फार महाग होते. म्हणून बेकर यांनी ड्रायव्हर नव्याने लिहून रहदारी एकाहून अधिक इथरनेटवर वाटून दिली. तिथे गरज वेगाची होती. आज बाँडिंग लावताना कार्ड, केबल किंवा पोर्ट कधीतरी बंद पडणार, हेही गृहीत धरलेले असते.

कोणते पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) कोणत्या कार्डाने जाईल, हे मॅक पत्त्यांवरून (कार्डांच्या हार्डवेअर पत्त्यांवरून) किंवा आयपी पत्ते व पोर्ट क्रमांकांवरून काढलेल्या संख्येला चालू कार्डांच्या संख्येने भागून उरणाऱ्या बाकीवर ठरते. त्यामुळे एका जोडणीची पॅकेटे एकाच वाटेने, क्रम न बिघडता जातात. कार्ड बंद पडले की भाजक तीनाचा दोन होतो, आणि धडधाकट कार्डांवरच्या काही जोडण्यांचीही वाट बदलते. हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतो तो भार: तिन्ही कार्डांवर प्रत्येकी 8 गिगाबिट वाहत असतील, तर उरलेल्या दोघांवर मिळून 24 गिगाबिट येऊन पडतात आणि पॅकेटे गळू लागतात. म्हणून क्षमतेचा हिशेब एक कार्ड वजा करूनच मांडला पाहिजे.

बिघाड ओळखणे त्याहून अवघड आहे. ड्रायव्हर ठरावीक काळाने लिंक तपासतो, आणि त्यासाठी 100 मिलिसेकंदांपासून सुरुवात करावी, असे लिनक्सचे दस्तऐवज सुचवतात. पण ही तपासणी पहिल्या केबलपुरतीच असते. मध्ये एखादे उपकरण असून त्याच्या पलीकडची वाट तुटली, तर इकडचा दिवा हिरवाच राहतो. अशा वेळी एलएसीपीचे (दोन्ही बाजूंनी ठरावीक काळाने एकमेकांना खूण पाठवण्याच्या नियमांचे) संदेश उपयोगी पडतात, परंतु संथ पद्धतीत ते 30 सेकंदांनी येतात आणि 90 सेकंद वाट पाहिल्यावरच समोरची बाजू गेली असे ठरते. वेगवान पद्धतीत हाच निर्णय 3 सेकंदांत होतो.

बदललेले कार्ड परत जोडल्यावर लिंक उठताक्षणी त्यावर भार टाकू नये, कारण स्विचचा पोर्ट तेवढ्यात तयार असेलच असे नाही. त्यासाठी ड्रायव्हरमध्ये विलंब ठरवण्याची सोय आहे. प्रत्येक कार्डाची लिंक आजवर किती वेळा तुटली, याची मोजणीही तो ठेवतो. कार्ड नवे असूनही ती वाढत राहिली, तर आता केबल आणि स्विचचा पोर्ट तपासायचा.