थाळी वाजली, बाळ दचकलं

श्रोतेहो, नमस्कार.

बाळाला ऐकू येतं का, हे पाहायची आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. बाळाच्या मागे उभं राहून थाळी वाजवायची. ते दचकलं, की आजी निश्चिंत. पण वाजवणाऱ्याची सावली बाळाला दिसते, दणका पाळण्यातून अंगाला जाणवतो. शिवाय थाळीचा आवाज बोलण्याच्या कितीतरी पट मोठा. ज्याला आईचं बोलणं ऐकू येत नाही, असं मूलही थाळीला दचकतं.

दुसरा चकवा याहून मोठा. मुळीच ऐकू न येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने इतर बाळांसारखेच हुंकार देतं. मग हळूहळू गप्प होतं. तोवर घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘याना बाप बी उशिरा बोलना व्हता.’ या एका वाक्यापायी दोन-दोन वर्षं वाया जातात.

म्हणून थाळी राहू द्या, ओएई तपासणी करून घ्या. आवाजाला आतला कान प्रतिसाद देतो का, हे ती दाखवते. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवतात, सुई नाही, काही मिनिटांचं काम. बाळ जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवलेलं असेल किंवा कावीळ फार वाढली असेल, तर आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का हे पाहणारी बेरा तपासणीही हवी. पहिल्या महिन्यात ही पहिली तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा हिशेब धरा.

आधी श्रवणयंत्र लावून पाहतात. ते आवाज मोठा करतं. पण आतल्या कानात शंखासारखा भाग असतो, त्या शंखाच्या पेशीच निकामी असतील, तर मोठा आवाज काय कामाचा? तिथे कॉक्लिअर इम्प्लांट. कानामागचं यंत्र आवाज टिपतं, चुंबकानं डोक्याला चिकटलेली चकती तो संदेश कातडीखालच्या भागाला देते, आणि शंखात सरकवलेली बारीक तार थेट श्रवणाच्या नसेला जागं करते. शस्त्रक्रिया बाळ वर्षाच्या आसपास असताना झाली तर उत्तम. खर्च लाखांत जातो, पण दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून गरजू घरांतल्या लहान मुलांना मदत मिळते. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

टाके भरल्यावर काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. पुष्कळ मुलं तेव्हा रडतात. घाबरू नका, आवाज नावाची गोष्टच त्यांना नवी असते. ऐकण्याचं वय त्या दिवसापासून मोजायचं. मूल दोन वर्षांचं दिसलं, तरी कानानं ते तान्हंच.

आता माझा एक आग्रह. यंत्र बसलं की काही घरांत आजीला गप्प बसवतात, पुस्तकी मराठीच बोलायची म्हणून. असं करू नका. घरात अहिराणी असेल तर अहिराणीच बोला, भाकरी थापताना, म्हशीला पाणी दाखवताना, दिवसभर. यंत्र आवाज देतं, शब्द आजीकडूनच यायचे असतात.

आपल्याकडचा मे महिना माहीत आहे ना? घामाची ओल यंत्राला सोसत नाही, रात्री ते ओल शोषणाऱ्या डबीत ठेवा. आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गाणी सुरू झाली, की पडेल म्हणून काढून ठेवू नका. क्लिप लावा, वरून टोपी बांधा.