गंगावनाचा पत्ता

(ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या महिलांच्या मेळाव्यातील व्याख्यान, संपादित)

मैत्रिणींनो, लग्नाच्या सीझनमध्ये गंगावनं, एक्स्टेन्शन आणि खोट्या पापण्या किती लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या डब्यावर ‘मेड इन चायना’ लिहिलेलं असतं, आणि आपण तिथेच थांबतो. आज त्याच्या पलीकडे जाऊ.

सुरुवात साठ वर्षांपूर्वीपासून करावी लागेल. अमेरिकेत तेव्हा विगची फॅशन जोरात होती. १९६५-६६ च्या सुमारास तिथल्या सरकारने चीन, उत्तर कोरिया आणि उत्तर व्हिएतनाममधल्या केसांवर बंदी घातली. कम्युनिस्ट केस नकोत! आता केस हातात घेऊन तो कोणत्या विचारसरणीचा ते कसं ओळखणार? म्हणून मूळ देशाचा दाखला आला.

या बंदीने सगळ्यात मोठी लॉटरी लागली ती दक्षिण कोरियाला. खेड्यातल्या बायकांचे केस विकत घ्यायचे, खेड्यातल्याच मुली सोलच्या कारखान्यांत बसवायच्या आणि विग अमेरिकेला धाडायचे. १९७० च्या आसपास त्या देशाच्या निर्यातीत जवळजवळ दहावा हिस्सा विगचा होता. आणि राज्य कोणाचं? पार्क चुंग-ही यांचं. १९६१ मध्ये लष्करी उठाव करून आलेले, १९७२ मध्ये राज्यघटना बदलून सत्तेला चिकटून बसलेले. दडपशाही होतीच, फक्त ती अमेरिकेच्या मित्राची होती, म्हणून त्या केसांना दाखला मिळत होता.

पुढे जे घडलं त्यासाठीच मी हा विषय घेतला. सोलमध्ये ‘वाय एच ट्रेडिंग’ नावाची विगची कंपनी होती. तिथल्या मुलींनी १९७५ मध्ये युनियन केली. पुढे विगचा धंदा बसला, कंपनीचे संस्थापक तर आधीच अमेरिकेत गेले होते, आणि १९७९ मध्ये कारखाना बंद करायचं ठरलं. तेव्हा या मुली विरोधी पक्षाच्या मुख्यालयात जाऊन ठाण मांडून बसल्या. पक्षाचे नेते किम यंग-साम यांनी त्यांना आसरा दिला. ११ ऑगस्टला पहाट व्हायच्या आत पोलीस घुसले. त्या झटापटीत किम क्योंग-सुक ही विशीतली कामगार मुलगी मेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला किम यंग-साम यांची खासदारकी काढून घेतली, त्यावरून बुसान आणि मासान ही शहरं पेटली, आणि २६ ऑक्टोबरला पार्क यांना त्यांच्याच गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाने गोळी घातली. सगळं श्रेय विगवाल्या मुलींना देणं जास्तीचं होईल, पण साखळीची पहिली कडी त्यांनी ओढली.

म्हणून अमक्या देशाचा माल वाईट, तमक्याचा चांगला, हे मला पटत नाही. त्या मुलींचे हाल होते, पगार तुटपुंजा होता, पण एकत्र येऊन ‘नाही’ म्हणायला त्यांना इंचभर जागा होती, आणि तीही त्यांनी भांडून मिळवली होती. माल घेताना मी ती जागा शोधते.

चीनच्या शिनजियांग प्रांतात ती सापडत नाही. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सने न्यूयॉर्क-नेवार्क बंदरात तेरा टन केसांचा माल अडवला. तो शिनजियांगमधल्या लोप जिल्ह्यातून आला होता, तो सक्तीच्या मजुरीतून बनल्याचा संशय होता, आणि त्याची किंमत आठ लाख डॉलरच्या वर होती. आता अमेरिकेच्या कायद्याने शिनजियांगचा माल सक्तीच्या मजुरीचाच धरतात. तसं नसेल तर आणणाऱ्याने ते सिद्ध करायचं.

उत्तर कोरियाची गोष्ट आणखी आडवळणाची. कोळसा, लोखंड, कापड यांवर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आहेत, केसांवर नाहीत. चीनमधून केस तिकडे जातात, हातांनी विणून, चिकटवून परत येतात आणि चिनी डब्यात बसतात. चीनच्याच कस्टम्सच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये असे सुमारे १६८० टन विग, दाढ्या आणि पापण्या तिथून आल्या, सुमारे १६ कोटी ७० लाख डॉलरच्या. तिथे काम सरकार देतं, मिळकतीतला मोठा वाटा सरकार घेतं, आणि युनियन हा शब्द काढायची सोय नाही.

ई.एल.एफ. या अमेरिकन कॉस्मेटिक्स कंपनीचं उदाहरण तुमच्या कामाचं आहे. २०१२ ते २०१७ या काळात चीनमधल्या दोन पुरवठादारांकडून तिने पापण्यांच्या संचांच्या १५६ खेपा मागवल्या, आणि त्यांत अमेरिकेत बंदी असलेला उत्तर कोरियाचा माल निघाला. हे कंपनीने स्वतःच सरकारला कळवलं आणि २०१९ मध्ये सुमारे दहा लाख डॉलर भरले. पुरवठादारांची तपासणी ती करत नव्हती असं नाही, पण तपासत होती तो दर्जा. पापणी नीट चिकटते का, गळते का. आपणही तेवढंच बघतो, नाही का?

आता आपला धागा. खेड्यापाड्यांत फेरीवाला येतो, बायकांकडून गुंतवळ घेतो, बदल्यात फुगे, पिना, एखादं भांडं देतो. देशभरातून गोळा झालेलं ते गुंतवळ पुढे चीनच्या विग-उद्योगाकडे जातं. चोरवाटांनी इतकं जायला लागलं की जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सरकारने केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. गुंतवळ देणारी बाई ‘नको, भाव कमी आहे’ म्हणू शकते. पुढे तिचे केस कोणाच्या हातात जातात, हे तिने विचारावं असं कोणी नाही, आणि आपण त्याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला बसलो आहोत.

‘मग लॅशेस लावायच्याच नाहीत का?’ असं मघाशी एका ताईंनी विचारलं. लावा. नवरीला नाही म्हणून तुमचं पोट भरणार नाही. पण होलसेलवाल्याला एकटीने विचारलंत तर तो हसेल. तुमच्या संघटनेने मिळून लेखी विचारा: केस कोणत्या देशाचे, विणकाम कुठे झालं, कारखान्याचं नाव काय. पूर्वी क्रीमची एक्स्पायरी विचारली तरी तो हसायचा. आता न विचारता दाखवतो.