जीबीएस आणि नैराश्यावरची एक गोळी

नमस्कार श्रोतेहो. जीबीएस, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम हा नसांचा आजार; हे नाव पुणेकरांना 2025 च्या जानेवारीत पाठ झालं. किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागातली माणसं पायातली ताकद गेली म्हणून दवाखान्यात येऊ लागली, आणि घराघरांत पाणी उकळून पिणं सुरू झालं. हाच आजार 40 वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये नैराश्यावरच्या एका गोळीमागून आला होता.

झिमेलिडीन तिचं नाव. ती घडवणाऱ्यांत स्वीडिश शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन होते. त्यांना पुढे 2000 साली दुसऱ्या कामाबद्दल नोबेल मिळालं. मेंदूतलं सेरोटोनिन तेवढं टिकवायचं, बाकीच्या रसायनांना फारसं छेडायचं नाही, अशी कल्पना. जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, हृदयाचे ठोके बिघडायचे. त्यामुळे 1982 मध्ये ही बाजारात आली तेव्हा डॉक्टरांना हायसं वाटलं असणार. 1983 मध्ये ती मागे घ्यावी लागली.

झालं असं, की गोळी सुरू केल्यावर काही रुग्णांना ताप यायचा, डोकं आणि सांधे दुखायचे, तपासणीत यकृतही बिघडलेलं दिसायचं. कुणालाही फ्लू वाटावा. त्यातल्या थोड्या जणांचे मग हातपाय लुळे पडू लागले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटली होती. स्वीडनमधल्या अभ्यासात ही गोळी घेणाऱ्यांना जीबीएसचा धोका सुमारे 25 पट निघाला. एरवी हा आजार वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. काही हजार लोकांवरच्या चाचणीत तो सापडणार तरी कसा? बाजारात आल्यावर डॉक्टरांनी एकेक रुग्ण कळवला, म्हणूनच तो उघडकीला आला.

तुमच्या घरात कुणी नैराश्याची गोळी घेत असेल, तर हे ऐकून ती आज बंद करू नका. एकदम थांबवली तर चक्कर येते, जीव घाबरा होतो, आजारही उलटू शकतो. सेरोटोनिनवरच काम करणाऱ्या आजच्या गोळ्या कित्येक वर्षं जगभर वापरात आहेत; हा दोष त्या एका औषधाचा निघाला. मात्र नवी गोळी सुरू केल्यावर ताप आला, डोळे पिवळे दिसले, जिना चढताना पाय उचलेना, तर डॉक्टरांना आधी गोळीचं नाव सांगा. आपल्याकडे मानसोपचाराची गोळी फॅमिली डॉक्टरांपासूनही लपवतात, पंचाईत तिथेच होते. असा त्रास रुग्णाला स्वतःही कळवता येतो: देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा क्रमांक आहे 1800-180-3024. फोनला पैसे पडत नाहीत.